वेल्समधील ग्रामीण पॅरिश चर्चच्या विवाहनोंदवह्या

वेल्समधील अँग्लिकन चर्चमध्ये लागलेल्या लग्नांच्या, पॅरिशवार (म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतील वस्तीनुसार) ठेवलेल्या वह्या. पॅरिशला वेल्श भाषेत ‘प्लुइव’ व लग्नाला ‘प्रिओदास’ म्हणतात. कुलवृत्तांत, लोकसंख्येचा इतिहास, आडनावांचा अभ्यास आणि साक्षरतेचा अंदाज यांसाठी ही साधने मोलाची आहेत. मात्र इंग्लंडमधील वह्या वाचण्याची रीत जशीच्या तशी येथे चालत नाही. लग्न वेल्श भाषेत लागे आणि नोंद लॅटिन किंवा इंग्रजीत होई. वेल्श वह्यांमधील बहुतेक घोटाळे याच अंतरातून उपजले आहेत.

आरंभ : सप्टेंबर १५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद ठेवण्याचा हुकूम दिला. दर रविवारी उपासनेनंतर आठवड्याच्या नोंदी लिहायच्या, वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवायची, कसूर झाल्यास तीन शिलिंग चार पेन्स दंड, असा नियम होता. वेल्समध्ये इतक्या जुन्या वह्या फारच थोड्या उरल्या आहेत. कॉनवीची वही १५४१ पासूनची असून फ्लिंटशरमधील ग्वाइनिस्गोर या लहानशा गावाची १५३८ पासूनची असल्याचे सांगितले जाते. अशा दाव्यांबाबत सावध राहावे लागते, कारण आज हाती असलेली जुनी पाने बहुधा मूळची नसतात. सुरुवातीच्या वह्या कागदी होत्या. १५९८ मध्ये त्या चर्मपत्रावर उतरवण्याचा आदेश निघाला आणि त्यात ‘विशेषतः पहिल्या एलिझाबेथच्या राज्यारोहणापासूनच्या’ नोंदी घ्याव्यात असे शब्द होते. त्यांचा आधार घेऊन अनेक धर्मगुरूंनी १५५८ पूर्वीची पाने वगळली. म्हणून जुनी वही हाती आली की आधी अक्षर पाहावे. चाळीस-पन्नास वर्षांच्या नोंदी एकाच हाताच्या, एकाच शाईच्या आणि सारख्या ओळींच्या असतील, तर ती नंतर केलेली नक्कल समजावी. नकलेत नावे गाळली जातात, सालही एखाद्या ओळीने सरकते.

त्याच १५९८ च्या आदेशाने वर्षाच्या नोंदींची एक प्रत बिशपकडे पाठवणे बंधनकारक झाले. मूळ वही ओलीने किंवा उंदरांनी गेली असेल तेथे याच प्रतींवर भिस्त ठेवावी लागते. वेल्समध्ये त्या मुख्यतः १६६० नंतरच्याच मिळतात. त्याआधीच्या यादवी युद्धाच्या काळात वह्यांत सर्रास खंड पडले. १६५३ पासून काही वर्षे लग्न लावण्याचा अधिकार न्यायाधीशांकडे होता, त्यामुळे चर्चच्या वहीत त्या वर्षांची लग्ने नसणे म्हणजे लग्नेच झाली नाहीत असे नव्हे.

१७५४ पूर्वी व नंतर : १७५४ पूर्वीची नोंद बहुधा एका ओळीची असते : तारीख, वर, वधू, आणि झालेच तर ‘दोघे याच पॅरिशचे’ एवढे शब्द. धर्मगुरू चिठोऱ्यांवर टिपणे ठेवून सवडीने वही भरत, त्यात चिठ्ठी हरवली की लग्नही हरवे. वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणजे फेब्रुवारी १७४० असे लिहिलेले लग्न आजच्या गणनेने फेब्रुवारी १७४१ मधले असते. हा घोळ १७५२ मध्ये संपला. वहीतील लॅटिन १७३३ मध्येच बंद झाली, पण तिची जागा वेल्शने नव्हे, इंग्रजीने घेतली.

लॉर्ड हार्डविकचा विवाहविषयक कायदा २५ मार्च १७५४ रोजी अमलात आला आणि लग्नांसाठी स्वतंत्र, पृष्ठांक घातलेली वही आली. तीन रविवारी चर्चमध्ये जाहीर पुकारा किंवा बिशपचा परवाना, यांपैकी एक आवश्यक ठरला. पुकाऱ्याला वेल्शमध्ये ‘गोस्तेगिऑन’ म्हणतात. वर, वधू, धर्मगुरू आणि दोन साक्षीदार यांच्या सह्या सक्तीच्या झाल्या. ज्यांना लिहिता येत नसे ते फुलीची खूण करीत व धर्मगुरू फुलीभोवती त्यांचे नाव लिही. फुलीवरून निरक्षरता ठरवताना घाई करू नये, कारण वाचता येणारे पण लिहिता न येणारे लोक वेल्श खेड्यांत बरेच होते. साक्षीदार पुष्कळदा भाऊ-बहीण असत, पण एकच नाव प्रत्येक पानावर दिसले तर तो बहुधा चर्चचा कारकून समजावा.

या कायद्यातून फक्त क्वेकर (एक स्वतंत्र ख्रिस्ती पंथ) व ज्यू यांना सूट होती. वेल्समध्ये अँग्लिकन चर्च सोडून आपल्या पंथाच्या प्रार्थनागृहात, म्हणजे चॅपलला, जाणारे स्वतंत्र पंथीय फार मोठ्या संख्येने होते, पण १८३७ पर्यंत त्यांनाही लग्नासाठी पॅरिश चर्चच गाठावे लागे. मुलांचा बाप्तिस्मा मात्र ते चॅपलमध्ये करीत. परिणामी एकाच पॅरिशमध्ये लग्नांची वही भरलेली आणि बाप्तिस्म्याची रिकामी, असे चित्र दिसते. ते घटत्या जन्मदराचे लक्षण नाही.

पुकाऱ्याची नोंद आणि लग्नाची नोंद यांत गल्लत होऊ देऊ नये. पुकारा वर व वधू या दोघांच्याही पॅरिशमध्ये होई, लग्न मात्र एकाच ठिकाणी, प्रथेने वधूकडे. वराच्या गावी लग्न सापडले नाही तर पुकाऱ्याच्या नोंदीत वधूचा पॅरिश पाहावा. मात्र पुकारा झाला म्हणून लग्न झालेच, असे धरता येत नाही. परवान्याने लग्न झाले असल्यास १८२३ पूर्वीचा जामीनरोखा शोधावा. त्यात वराचा धंदा आणि जामीनदाराचे नाव मिळते.

नावांचा प्रश्न : वेल्श लोकांत स्थिर आडनावे उशिरा रुळली. ‘आप’ (स्वराआधी ‘आब’) म्हणजे मुलगा व ‘फेर्ख’ म्हणजे मुलगी, हे शब्द वडिलांच्या नावाआधी लावले जात. आप रीस याचे प्राइस, आप हाउएल याचे पॉवेल आणि आब ओवेन याचे बोवेन झाले. काही ग्रामीण भागांत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मुलाचे आडनाव म्हणजे बापाचे पहिले नाव असे, म्हणून बापलेकांची आडनावे वेगळी दिसतात. घरी दाव्हिद, कात्रिन, शान असलेली माणसे वहीत डेव्हिड, कॅथरीन, जेन होतात. आडनावे पुढे इतकी थोडी उरली की एका पॅरिशमध्ये चार जॉन जोन्स सहज भेटतात. अशा वेळी नावाशेजारी लिहिलेले शेतघराचे नाव हीच खरी ओळख असते. नक्कल करताना ते कधीही गाळू नये.

बायका लग्नानंतरही माहेरचे नाव वापरीत. नवरा-बायकोची आडनावे वेगळी दिसली म्हणून त्यांचे लग्न झाले नव्हते, असा निष्कर्ष काढणे वेल्समध्ये धोक्याचे आहे.

केरसुणीच्या लग्नाचा वाद : डेन्बीशरमधील केरिओग खोऱ्यात दारात आडव्या धरलेल्या केरसुणीवरून उडी मारून चर्चशिवाय लग्न लावण्याची चाल होती, असे डब्ल्यू. रीस जोन्स (टोपणनाव ग्वेनिथ ग्विन) यांनी १९२८ मध्ये मांडले. वेल्शमध्ये या चालीला ‘प्रिओदास कोइस अस्गिब’ म्हणतात. त्यांचा आधार दुहेरी होता : वृद्धांच्या तोंडून ऐकलेल्या आठवणी आणि लान्सांतफ्राइद ग्लिन केरिओग येथील अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील बाप्तिस्म्याच्या नोंदी. त्या नोंदींत विवाहबाह्य संतती फार मोठ्या प्रमाणात असल्याचे त्यांनी वाचले. पुढील लेखकांनी हे मत पडताळणी न करता उचलले. कायद्याच्या इतिहासकार रेबेका प्रोबर्ट यांनी २००५ मध्ये त्याची तपासणी केली. बाप्तिस्म्याची वही एकटी न वाचता विवाहांच्या नोंदींशी ताडली, की त्यांतील अनेक जोडप्यांचे लग्न रीतसर चर्चमध्ये झालेले आढळते, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा आहे. आठवणींतील चाल कुठे विनोदाने, कुठे क्वचित घडली असेल ही शक्यता उरते, पण ती सार्वत्रिक होती या मताला नोंदवह्यांचा आधार मिळत नाही. प्रोबर्ट यांचे मत अधिक सबळ मानावे लागते.

लग्नाची खरी लोकरीत, म्हणजे शेजाऱ्यांनी आहेर घालण्याचा ‘नेइथिओर’ समारंभ, वहीत कोठेच येत नाही. नैर्ऋत्य वेल्समध्ये त्यासाठी छापलेली निमंत्रणपत्रे मिळतात. त्यांत आईवडील व भावंडांची नावे असल्याने ती वहीला पूरक ठरतात.

१८३७ नंतर : १ जुलै १८३७ पासून वय, वैवाहिक स्थिती, धंदा, निवास आणि दोघांच्या वडिलांची नावे व धंदे यांचे रकाने आले. वही दोन प्रतींत भरली जाई. वयाच्या रकान्यात ‘पूर्ण वयाचे’ एवढेच असेल तर एकवीस किंवा अधिक इतकाच अर्थ घ्यावा. वडिलांचा रकाना कोरा असणे बहुधा विवाहबाह्य जन्म सुचवते, मात्र लाज राखण्यासाठी नाव रचून दिल्याचीही उदाहरणे आहेत. चॅपल व नोंदणी कार्यालये खुली झाल्याने चर्चमधील लग्ने घटली. वर्षाला दोन-तीन लग्ने असलेल्या पॅरिशमध्ये १८३७ ची वही विसाव्या शतकातही भरत नसे.

१९२० मध्ये वेल्समधील चर्च राजसत्तेपासून वेगळे झाले. भरलेल्या जुन्या वह्या आता मुख्यतः अबेरिस्टविथ येथील वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि परगण्यांच्या अभिलेखागारांत आहेत. ४ मे २०२१ रोजी चर्चमधील विवाहवह्यांत लिहिणे थांबले. त्याऐवजी आलेल्या विवाहपत्रकात वर व वधू यांच्या आईचेही नाव लिहिले जाऊ लागले.