रानात्रा ओळखायची कशी: लांबीपासून नराच्या पॅरामिअरपर्यंत

रानात्रा हा पाण्यातला काडीकिडा. झाडावरच्या काडीकिड्यांशी त्याचं नातं नाही; तो ढेकणांच्या गणातला, पाणविंचवाच्या कुलातला. वर्गीकरणकार लिनियसने १७५८ मध्ये युरोपातल्या जातीला पसरट पाणविंचवाच्याच प्रजातीत (जीनसमध्ये, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) बसवून ‘नेपा लिनिआरिस’ म्हटलं. कीटकशास्त्रज्ञ फाब्रिसियसने १७९० मध्ये ‘रानात्रा’ ही प्रजाती वेगळी केली आणि त्याच वर्षी फिलिफॉर्मिस आणि एलाँगाटा या आशियाई जातींनाही नावं दिली. त्या काळची वर्णनं लॅटिनमधली, ओळ-दोन ओळींची. अंगाची लांबी, रंग आणि शेपटीसारखी श्वसननलिका यांपलीकडे त्यांत फारसं काही नसे.

पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. श्वसननलिका दोन अर्धगोल पट्ट्या जुळून बनते. जाळीतून काढताना किंवा सुकल्यावर ती सहज मोडते. आखूड नलिका हे १८४३ मध्ये मांडलेल्या सर्कोटमेटस या जवळच्या प्रजातीचं लक्षण. त्यामुळे मोडकी रानात्रा चुकून तिच्या नावावर जाऊ शकते. भिंगाखाली टोक तुटकं आणि खडबडीत दिसलं, तर ते माप धरू नये. अंगाची लांबीही डोक्यापासून पोटाच्या टोकापर्यंत, नलिका सोडून घ्यायची. नलिकेचं माप वेगळं लिहायचं. दोन्ही एकत्र मोजली तर जुन्या वर्णनांशी तुलनाच होत नाही.

कीटकशास्त्रज्ञ डिस्टंटने १९०६ मध्ये ब्रिटिश भारतातल्या जातींचा आढावा घेतला, तोही मुख्यतः बाह्य लक्षणांवर. लॅन्सबरीने १९७२ मध्ये पौर्वात्य जातींची फेरतपासणी केली, तेव्हा नराच्या जननेंद्रियाला, विशेषतः पॅरामिअर या आकड्यासारख्या भागाला महत्त्व आलं. बाकीची लक्षणं बाद झाली असं नाही. पुढच्या मांडीवरचे दात किती आणि कुठे, डोळ्याच्या रुंदीच्या तुलनेत दोन डोळ्यांमधलं अंतर किती, मागची मांडी पोटाच्या कुठवर पोहोचते, छातीच्या खालच्या पट्टीचा आकार कसा, हे सगळं आजही पाहावंच लागतं. पण जवळच्या जातींत निकाल बहुधा पॅरामिअरच देतं. म्हणून एकटी मादी सापडली तर ‘रानात्रा, जात अनिश्चित’ लिहिणं हीच प्रामाणिक नोंद. पिल्लांचंही तसंच: पाच अवस्था, पंख अपुरे आणि जननेंद्रिय अविकसित.

पॅरामिअर पाहण्यासाठी सुकलेला नर आधी कोमट पाण्यात मऊ करायचा. पोटाच्या टोकाचा जनन-भाग सुईने अलगद ओढून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर ठेवायचा. द्रावण गरम असेल तर काही मिनिटं पुरतात. जास्त वेळ राहिला तर तो काचेसारखा पारदर्शक होतो आणि आकड्याखालचा दात दिसेनासा होतो. नंतर पाण्याने धुऊन ग्लिसरीनमध्ये बरोबर आडवा ठेवून पाहायचा. किंचित कलला तरी आकड्याचं वळण बदललेलं दिसतं, आणि अशा तिरक्या चित्रांवरून नवी जात मांडायचा मोह होतो. पाहून झाल्यावर हा भाग छोट्या कुपीत, त्याच नमुन्याबरोबर ठेवायचा. सुटा ठेवला की कोणाचा ते कळत नाही.

जुन्या संग्रहांतल्या चिठ्ठ्यांवर अनेकदा नुसतं देशाचं नाव असतं. आता ठिकाण, अक्षांश-रेखांश, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, पाण्याचा प्रकार आणि काठची वनस्पती एवढं तरी हवं. चिठ्ठी पेन्सिलने लिहून अल्कोहोलच्या आत टाकायची; बॉलपेनची शाई विरघळते. साध्या जतनाला ७० ते ८० टक्के अल्कोहोल चालतं, पण त्यात पोटाच्या पाठीवरचा लाल रंग फिकटतो, म्हणून फोटो आधीच काढावा.

डीएनए बारकोडसाठी, म्हणजे डीएनएच्या छोट्या तुकड्यावरून जात ओळखण्यासाठी, सीओआय नावाच्या जनुकाचा सुमारे ६५८ अक्षरांचा तुकडा वाचतात. त्यासाठी मधला एक पाय ९५ टक्क्यांहून तीव्र अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवायचा. पुढचा पाय तोडायचा नाही, कारण दात त्याच्यावरच असतात. डेटाबेसमधल्या क्रमाशी जुळलं की काम झालं असं मात्र धरू नये: तिथलं नाव देणाऱ्याने नराचं पॅरामिअर पाहिलं होतं का, आणि तो नमुना कुठल्या संग्रहात आहे, हे आधी तपासावं.