प्रकल्पवहीत एआय येण्याआधी

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वांसाठी खुले झाले. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या शिक्षकांच्या खोल्यांमध्ये त्याचा विषय निघू लागला तो बऱ्याच उशिरा, आणि तोही बहुतेक वेळा प्रकल्पवह्या तपासताना. ‘मुलं आता स्वतः काही लिहीतच नाहीत’ ही तक्रार खोटी नाही. पण आधी ती किती लिहीत होती, हेही एकदा विचारायला हवे.

दहावीच्या बहुतेक विषयांत ८० गुण लेखी परीक्षेचे आणि २० गुण शाळेच्या हातातले. तोंडी, प्रात्यक्षिक, गृहपाठ, स्वाध्याय असे सगळे त्या विसात येते. २०१८-१९ या वर्षी राज्य मंडळाने भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे हे अंतर्गत गुण काढून टाकले. त्याआधीच्या वर्षी राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता, तो २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला. निकालात दरवर्षी पहिला येणारा मंडळाचा कोकण विभाग (रत्नागिरी-सिंधुदुर्ग) तेव्हाही पहिलाच राहिला, पण ९६ टक्क्यांवरून ८८.३८ वर घसरून. एवढी ओरड झाली की पुढच्याच वर्षी ते गुण परत आले आणि २०२० मध्ये कोकणचा निकाल ९८.७७ टक्के लागला. त्या वर्षी पुस्तके तीच होती, पोरेही साधारण त्याच वकुबाची होती. शाळेच्या हातातल्या गुणांना किती वजन आहे, हे या दोन वर्षांइतके स्पष्ट कधीच दिसले नसेल.

पुढे करोनामुळे २०२१ ची परीक्षाच रद्द झाली. नववीचे ५० आणि दहावीतल्या अंतर्गत कामाचे ५० असे गुण धरून निकाल लावला गेला. कोकण विभाग १०० टक्के.

हे गुण मिळवून देणारे लिखाण घरी कोण करत होते? गाईड होते. गेल्या वर्षी पास झालेल्या ताईची वही होती. एसटी स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात रंगीत चित्रांसह तयार प्रकल्प मिळत असे, फक्त वर नाव घालायचे. मुंबईतला काका ऑफिसातून चार पाने छापून पाठवायचा. मे २०१३ पासून गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठी आली, तेव्हापासून इंग्रजी विकिपीडियाचे विचित्र मराठीतले उतारे वह्यांत दिसू लागले. ते निदान ओळखू यायचे. एआयने या साखळीत आणलेला पहिला बदल अगदी साधा आहे: दुकानदाराचे पैसे वाचले आणि मराठी सुधारली.

हातात फोन येण्याचा इतिहास वेगळा आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला, पण शाळकरी मुलाला स्वतःचा फोन देण्याची पद्धत घरोघरी नव्हती. २०२० ने ती पाडली. ऑनलाइन वर्ग सुरू होत असतानाच ३ जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यावर आदळले आणि रायगड-रत्नागिरीच्या उत्तर भागात विजेचे खांब आडवे झाले. पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनारा घासून गेले. रेंजसाठी डोंगरावर खोप बांधून अभ्यास करणाऱ्या सिंधुदुर्गातल्या मुलीची बातमी त्याच काळातली. चाकरमान्यांचे जुने फोन गावी उतरले ते याच दोन वर्षांत. शाळा उघडल्या, पण फोन काही परत गेले नाहीत.

आणि मग भाषेचा अडसर गेला. जुलै २०२३ मध्ये गूगलचा बार्ड हा चॅटबॉट मराठीत उत्तरे देऊ लागला. जून २०२४ मध्ये मेटा एआय भारतात व्हॉट्सअॅपच्या आतच येऊन बसला. माझ्या मते कोकणासाठी खरी तारीख ही आहे, नोव्हेंबर २०२२ नव्हे. आता वेगळे अॅप नको, खाते नको. आईच्या फोनवर जिथे वाडीचा ग्रुप आहे तिथेच निबंध मागता येतो.

बाहेर या काळात बंदीचे प्रयोग होऊन गेले होते. न्यूयॉर्क शहराच्या शाळांनी जानेवारी २०२३ मध्ये चॅटजीपीटी बंद केले आणि मे महिन्यात बंदी मागे घेतली. यंत्राने लिहिलेला मजकूर ओळखण्यासाठी ओपनएआय या चॅटजीपीटीच्याच कंपनीने काढलेले साधन अचूकता कमी म्हणून जुलैमध्ये कंपनीनेच काढून घेतले. सप्टेंबरात युनेस्कोने वर्गात अशी साधने वापरण्यासाठी किमान वय १३ असावे असे सुचवले. आपल्याकडे सीबीएसईने नववीला एआय हा ऐच्छिक विषय २०१९ पासूनच ठेवला आहे, आणि २०२६-२७ पासून तिसरीपासूनच एआय शिकवण्याचे केंद्राने जाहीर केले आहे. कोकणातल्या खेड्यांत मात्र शाळा बहुतेक राज्य मंडळाच्या. तिथे विषय म्हणून एआय पोहोचण्याआधी तो गृहपाठ म्हणून पोहोचला.

जलसुरक्षा हा नववी-दहावीचा श्रेणीचा विषय पाहा. गावातल्या पाण्याची नोंद करा, पाहणी करा, असे त्याचे उपक्रम. वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या आणि मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या मुलखात याहून चांगला विषय शोधून सापडणार नाही. जांभा दगडातून पाणी झिरपून निघून जाते, ते मुलांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. फोन मात्र ठिबक सिंचन, शेततळी आणि जनजागृती फेरी लिहून देतो. चुकीचे त्यात काही नाही. फक्त ते कुठल्याही गावाचे आहे. वाडीतल्या विहिरीला एप्रिलमध्ये किती हात पाणी होते, हे इंटरनेटवर कोणी लिहिलेलेच नाही, तर यंत्राला कुठून कळणार?

पण ‘कुठल्याही गावाचे’ उत्तर गाईडमध्येही होतेच, आणि त्यालाही श्रेणी मिळत होती. म्हणून वहीचा प्रश्न तपासणाऱ्याकडे जातो. दहा-पंधरा पटाच्या शाळेत गुरुजींना प्रत्येक पोराची बोली आणि अक्षर पाठ असते. तिथे उसनी वाक्ये पहिल्या ओळीतच पकडली जातात. तालुक्याच्या मोठ्या हायस्कुलात एका शिक्षकापुढे फेब्रुवारीत वह्यांचे गठ्ठे येतात आणि गुण ऑनलाइन भरण्याची मुदत जवळ आलेली असते. विहिरीत किती पाणी होते हे तोंडी विचारायला तिथे वेळ काढावा लागेल, आणि तो वेळ वेळापत्रकात कोणी ठेवलेला नाही.