‘सेकंड’ कुठून आला?

इंग्रजीत ‘थ्री’पासून ‘थर्ड’ झाला, ‘फोर’पासून ‘फोर्थ’, ‘सिक्स’पासून ‘सिक्स्थ’. ‘टू’पासून मात्र क्रम सांगणारा शब्द तयारच झाला नाही. ‘फर्स्ट’चाही ‘वन’शी संबंध नाही, पण तो निदान घरचा. एक ते शंभरपर्यंतच्या क्रमांकांत परक्या भाषेतून मूळ धरलेला शब्द एकच, ‘सेकंड’.

त्याआधी इंग्लंडात लोक ‘अदर’ म्हणत. जुन्या इंग्रजीत दोन नंबरचा तोही ‘अदर’ आणि निराळा तोही ‘अदर’. मराठी माणसाला हे लगेच कळेल. ‘दुसरी किल्ली दे’ म्हटलं, तर जुडग्यातली दोन नंबरची द्यायची की हातातली सोडून भलतीच, हे आपण प्रसंगावरून ओळखतो. आपलं त्यावर भागतं, इंग्रजीचंही शेकडो वर्षं भागलं. १०६६ मध्ये उत्तर फ्रान्समधून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं, दरबारात आणि न्यायदानात फ्रेंच शिरली आणि १३०० च्या सुमारास तिच्यातला ‘सेकंड’ इंग्रजीत दिसू लागला. ‘अदर’कडे हळूहळू ‘निराळा’ एवढाच अर्थ राहिला. ‘एव्हरी अदर डे’ म्हणजे दिवसाआड, या प्रयोगात त्याचा जुना अर्थ अजून टिकून आहे.

फ्रेंचला हा शब्द लॅटिन ‘सेकुंदुस’कडून मिळाला. त्याचं मूळ ‘सेक्वी’ म्हणजे मागोमाग जाणं. म्हणजे दोन या संख्येशी त्याचं काही नातंच नाही. तो ‘मागून येणारा’. संस्कृतातला ‘सच्’ हा सोबत असण्याचा धातू याच कुळातला, आणि त्यावरून आलेला ‘सचिव’ म्हणजे मुळात सोबती. मंत्रालयातले सचिव आणि रेल्वेचा सेकंड क्लास एकाच मुळाशी जाऊन मिळतात, याचं मला अजून नवल वाटतं.

रोमन लोक गलबताच्या पाठीमागून येणाऱ्या वाऱ्यालाही ‘सेकुंदुस’ म्हणत. असा वारा शिडात भरला की गलबत सुसाट निघायचं, म्हणून त्या शब्दाला ‘लाभदायक’ असाही अर्थ आला. नदीच्या ओघाबरोबर जाण्यालाही तोच शब्द. आपल्या ‘अनुकूल’ची घडणही तशीच आहे: ‘कूल’ म्हणजे काठ, उतार, आणि त्याला धरून जाणारं ते अनुकूल. याच अर्थावरून लॅटिनमध्ये पाठबळ देण्याचं क्रियापद तयार झालं, आणि तेच पुढे सभेत ठराव ‘सेकंड’ करण्यापर्यंत पोचलं. सोसायटीच्या वार्षिक सभेच्या इतिवृत्तात सूचकाखाली अनुमोदकाचं नाव लिहितात, ती पद्धत इंग्रजी सभाशास्त्रातली.

घड्याळातल्या सेकंदाची वाट वेगळी, आणि सगळ्यात रंजक. बॅबिलोनमध्ये गणित साठाच्या पटीत चाले. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमी या खगोलशास्त्रज्ञाने वर्तुळाच्या अंशाचे ६० भाग आणि त्या प्रत्येकाचे पुन्हा ६० भाग हीच रीत वापरली. अरबीत पहिल्या बारीक भागाला ‘दकीका’ म्हणतात आणि पुढच्याला ‘सानिया’, म्हणजे सरळ ‘दुसरी’. अल् बिरूनी या अरबीत लिहिणाऱ्या विद्वानाने १००० च्या सुमारास तासाचेही असे भाग पाडले आणि सेकंदाखाली तिसऱ्या, चौथ्या भागापर्यंत हिशेब मांडला. लॅटिनमध्ये हे भाग ‘पार्स मिनुता प्रिमा’ आणि ‘पार्स मिनुता सेकुंदा’ झाले: पहिला बारीक भाग, दुसरा बारीक भाग. लांबलचक नावं वापरात झिजली. पहिल्यातलं ‘बारीक’ तेवढं उरलं, ते मिनिट. दुसऱ्यातला क्रमांक उरला, तो सेकंद.

आपल्या ज्योतिषातही साठाचाच हिशेब आहे. अंशाच्या ६० कला, कलेच्या ६० विकला. दिवसाच्या ६० घटिका, घटिकेची ६० पळं. एक पळ म्हणजे २४ सेकंद.

कित्येक शतकं सेकंद खगोलगणितातच होता. ख्रिस्तियान हायगेन्सने १६५६ मध्ये लंबकाचं घड्याळ सिद्ध केल्यावर तो भरवशाने मोजता येऊ लागला. १९६७ पासून सीझियम-१३३ अणूच्या ठरावीक प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आवर्तनं म्हणजे एक सेकंद.

मराठीने या शब्दाची दोन्ही रूपं घेतली, पण एकमेकांत मिसळू दिली नाहीत. वेळेचा तो ‘सेकंद’. शिफ्ट, क्लास, हँड यांच्याआधी येतो तो ‘सेकंड’.