मक्का, इजिप्त की इफे? योरुबांच्या उगमाचा वाद

पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांची परंपरा सांगते की जग निर्माण झालं ते नैऋत्य नायजेरियातल्या इले-इफे या गावी. ओलोदुमारे या सर्वश्रेष्ठ देवाने ओबाताला या देवाला पृथ्वी घडवायला धाडलं, पण तो वाटेत ताडी पिऊन झोपी गेला. मग ओदुदुवा हा दुसरा देव साखळीवरून खाली उतरला, पाण्यावर माती टाकली आणि तिच्यावर पाच बोटांची कोंबडी सोडली. तिने उकरून उकरून ती माती चहूकडे पसरवली. या कथेतले योरुबा कुठूनही आलेले नाहीत, ते मूळचे तिथलेच.

दुसरी कथा बरोबर उलट आहे. तिच्यात ओदुदुवा हा मक्केचा राजा लामुरुदू याचा मुलगा. तो मूर्तिपूजेकडे वळला, त्यावरून मक्केत संघर्ष पेटला आणि परागंदा होऊन तो इफेला पोचला. ही कथा सर्वदूर पोचली ती सॅम्युएल जॉन्सन या योरुबा पाद्र्याच्या इतिहासग्रंथामुळे. त्याने तो १८९७ साली पुरा केला, पण इंग्लंडला पाठवलेलं हस्तलिखित गहाळ झालं. जॉन्सन १९०१ मध्ये वारला. भावाने टिपणांवरून पुस्तक पुन्हा उभं केलं आणि ते १९२१ मध्ये छापून आलं. जॉन्सनला स्वतःला मक्का पटलेली नव्हती. त्याने पूर्वजांचं घर वरच्या इजिप्तच्या बाजूला नेलं आणि त्यांचं नातं तिथल्या कॉप्टिक ख्रिस्ती लोकांशी जोडलं. त्याच्याही आधी, १८१२ च्या सुमारास, उत्तर नायजेरियातल्या सोकोटो या मुस्लिम राज्याच्या मुहम्मद बेल्लो याने योरुबांना बायबलमधल्या निम्रोद राजाच्या वंशातले म्हटलं होतं. लामुरुदू म्हणजे हाच निम्रोद असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. आपल्या धर्मग्रंथात ज्याला स्थान आहे त्याच्याशी शेजाऱ्याचं किंवा स्वतःचं कूळ जोडून द्यायचं, हा त्या काळी विद्वत्तेचा रिवाजच होता.

युरोपियनांनी मात्र याचं हत्यार केलं. लिओ फ्रोबेनियस हा जर्मन संशोधक १९१० मध्ये इफेला आला. तिथली भाजक्या मातीची आणि धातूची शिल्पं पाहून त्याने हा बुडालेल्या अटलांटिसचा वारसा असल्याचं जाहीर केलं. समोर वावरणाऱ्या माणसांच्या पूर्वजांनी हे घडवलं असेल, हे त्याला मान्यच होईना. हे वाचताना आजही संताप येतो.

१९३८ मध्ये इफेच्या राजवाड्याजवळ वुनमोनिजे वाड्यात घराचा पाया खणताना धातूची मस्तकं निघाली. माणसाच्या डोक्याएवढी, शांत डोळ्यांची. काहींच्या चेहऱ्यावर कपाळापासून हनुवटीपर्यंत बारीक उभ्या रेघा कोरलेल्या, तर काहींच्या केसांच्या कडेने छिद्रांची रांग. त्यांचा काळ साधारण बारावं ते पंधरावं शतक ठरतो. पोर्तुगीज जहाजं या किनाऱ्याला लागली ती पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे युरोपीय शिकवणीचा प्रश्नच उरत नाही. इफेतल्याच इग्बो ओलोकुन इथल्या उत्खननात काच वितळवण्याच्या मुशींचे तुकडे आणि हजारो मणी सापडले. त्या काचेत चुना आणि अॅल्युमिना दोन्हींचं प्रमाण इतकं जास्त आहे की ती अरबस्तानातून किंवा युरोपातून आलेली असू शकत नाही. ती तिथेच, स्थानिक कच्च्या मालातून बनली.

भाषेची साक्षही याच बाजूची. योरुबाची सख्खी भावंडं म्हणजे नायजेरियातल्याच इगाला आणि इत्सेकिरी. नायजर-काँगो कुळातल्या या भाषांचा अरबीशी भाषाकुळाचा संबंध नाही. शिवाय नैऋत्य नायजेरियातच आकुरे शहराजवळच्या इवो एलेरू या कपारीत १९६५ मध्ये मिळालेला मानवी सांगाडा अकरा हजार वर्षांहून जुना आहे. तो योरुबांचा पूर्वज होता असं त्यावरून ठरत नाही. पण ही भूमी कुणाची वाट पाहत रिकामी पडली होती, ही कल्पना मात्र त्याने निकालात निघते.

तरीही स्थलांतराची आठवण निव्वळ थाप आहे, असं मला वाटत नाही. ओदुदुवाच्या आधी इफेच्या परिसरात तेरा वस्त्या होत्या, असं तिथली परंपरा सांगते. इतापा उत्सवात ओबातालाचं हद्दपार होणं आणि परत येणं दरवर्षी साकारलं जातं. बाहेरच्या एका घराण्याने सत्ता घेतली आणि जुन्यांशी पुढे तडजोड केली, असा अर्थ इथे लागतो. ते घराणं शेजारच्या डोंगरापलीकडूनही आलं असेल, त्यासाठी मक्का लागत नाही.

‘योरुबा’ ही सामायिक ओळखही अलीकडची. एकोणिसाव्या शतकापर्यंत हे नाव मुख्यतः ओयो राज्याच्या लोकांचं होतं. एग्बा, इजेबू, एकिती, इजेशा हे आज योरुबा म्हणवणारे गट स्वतःला आपापल्या नावाने ओळखत. १८७७ मध्ये सुरू झालेल्या किरिजी युद्धात एकिती आणि इजेशा इबादान या योरुबा शहराविरुद्धच उभे होते. गुलामीतून सुटलेला सॅम्युएल अजायी क्राउथर आणि त्याचे सहकारी मिशनरी यांनी एक लिखित भाषा रूढ केली. १८८४ मध्ये तिच्यात संपूर्ण बायबल आलं. १९४५ मध्ये योरुबा नेते ओबाफेमी आवोलोवो यांनी लंडनमध्ये ‘एग्बे ओमो ओदुदुवा’, म्हणजे ओदुदुवाच्या लेकरांची संघटना, काढली तेव्हा तो सगळ्यांचा मूळपुरुष म्हणून राजकारणात उतरला.

कूळकथेला व्यवहारात वजन होतंच. ओदुदुवाचे वारस जॉन्सनच्या यादीत सात नातवंडं, इतरत्र सोळा मुलं. त्या यादीत जागा असेल तर मण्यांचा मुकुट घालण्याचा हक्क. १९०३ मध्ये एलेपे या स्थानिक राजाच्या मुकुटावरून वाद झाला, तेव्हा ब्रिटिश गव्हर्नर मॅकग्रेगर याने इफेच्या ओओनीला, म्हणजे तिथल्या राजाला, लागोसला बोलावून निवाडा मागितला. ओओनीने एलेपेचा हक्क नाकारला.

सर्वांत ताजा वाद नायजेरियातल्याच बेनिन या जुन्या राज्याशी आहे. इफे सांगते, ओदुदुवाने मुलगा ओरानमियान बेनिनला पाठवला आणि त्याच्या मुलापासून, एवेकापासून, तिथलं राजघराणं सुरू झालं. बेनिनचे ओबा, म्हणजे राजे, एरेदियाउवा यांनी २००४ मध्ये आपल्या आत्मकथनात उलट मांडलं: ओदुदुवा हा बेनिनहून परागंदा झालेला राजपुत्र एकालादेरहान. इफेने हे साफ फेटाळलं. ओरानमियान आणि एवेका दोन्ही बाजूंना मान्य आहेत. भांडण आहे ते ओरानमियानच्या बापाचं घर कुठलं, एवढ्यावर.