निळ्या मुलाची शेपटी

'असॅसिन्स क्रीड ओडिसी' या गेमची 'डिस्कव्हरी टूर' २०१९ मध्ये आली. मारामारी काढून टाकलेली. नुसतं हिंडायचं आणि माहिती ऐकायची. त्यात ग्रीसच्या क्रीट बेटावरचा क्नोसॉसचा प्राचीन राजवाडाही आहे. लाल खांब, भिंतींवर चित्रं. गेमचा काळ इसवीसनपूर्व पाचव्या शतकातला, म्हणजे खरा राजवाडा पडून तोवर नऊशेक वर्षं झालेली!

आपण पाहतो तो राजवाडा बराचसा ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्सचा. त्यानं १९०० साली तिथं उत्खनन सुरू केलं, पुढे काँक्रीट ओतून मजले चढवले आणि भित्तिचित्रांच्या तुकड्यांवरून अख्खी चित्रं करवून घेतली. ती करणारे बापलेक. दोघांचंही नाव एमिल जिलिएराँ. बैलावरून कोलांटी मारणाऱ्या गड्याचं प्रसिद्ध चित्र क्रीटवरच्याच इराक्लिओ शहरातल्या संग्रहालयात जवळून पाहिलं, तर जुन्या गिलाव्याचे तुकडे कुठले आणि मधली भर कुठली हे ओळखू येतं.

तुकडे साडेतीन हजार वर्षं टिकले ते चुन्यामुळे. ओल्या गिलाव्यावर रंग दिला, की चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेत पुन्हा चुनखडीसारखा दगड होतो आणि रंगाचे कण त्यात चिणले जातात. डिंक नाही, सरस नाही. लाल-पिवळे रंग मातीचे, पण निळा भट्टीतला: वाळू, चुना आणि तांबं एकत्र भाजून केलेला, 'इजिप्शियन निळा'. त्यावर साधा प्रकाश टाकला तर तो डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात चमकतो. कॅमेऱ्याला त्याचा एखादा कणही सापडतो.

कण सापडला, तरी तो कुणाच्या अंगावरचा हे रसायनशास्त्र सांगत नाही. क्नोसॉसच्याच एका चित्रात निळसर, डोकं हरवलेली आकृती होती. इव्हान्सनं ठरवलं, हा केशराची फुलं वेचणारा मुलगा. अंग निळं का, याचा त्याला फारसा त्रास झालेला दिसत नाही. पुढे निकोलाओस प्लाटॉन या ग्रीक पुरातत्त्वज्ञानं शेपटी ओळखली आणि मुलाचं माकड झालं.

सँटोरिनी बेटावर ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलेल्या अक्रोतिरी गावातही अशीच निळी माकडं निघाली. २०१९ मध्ये काही संशोधकांनी प्राणिशास्त्रज्ञांच्या मदतीनं ती पुन्हा पाहिली. उंच धरलेली, कमानीसारखी शेपटी बघून ते म्हणाले, हे भारतीय उपखंडातलं लंगूर. म्हणजे आपलं काळ्या तोंडाचं वानर! सगळ्यांना हे पटलेलं नाही. काहींच्या मते ती आफ्रिकेतलीच माकडं. पण शेपटीवरून वानर ओळखणं आपल्याला नवं नाही. तापी-गोदावरीच्या उत्तरेकडच्या वानराची शेपटी पाठीवरून डोक्याकडे वळते, दक्षिणेकडच्याची मागे. कौलावर बसलेलं दिसलं, की बघा.