पोट भरलं, तरी नेवरी हवीच?

चवथीला फोंड्याकडच्या घरात खतखतं, वरण-भात, भाज्या असं तुडुंब जेवण होतं. मग नेवऱ्यांचा, म्हणजे गोव्याकडच्या करंज्यांचा, डबा उघडतो आणि ‘नको’ म्हणणारेच दोन उचलतात. लगेच कोपऱ्यातून कुणीतरी म्हणतं, “हावरटपणा, दुसरं काय! मनावर ताबा नाही.” हे वाक्य पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, पण अर्धवट आहे.

मेंदू स्वतःच अफूसारखी रसायनं तयार करतो. त्यांतली एन्केफॅलिन्स १९७५ साली ओळखली गेली. भूक लागणं वेगळं आणि चव आवडणं वेगळं. ही रसायनं प्रामुख्याने दुसऱ्या गोष्टीत हात घालतात. उंदरांच्या मेंदूतल्या ठरावीक ठिकाणी ओपिऑइड, म्हणजे असंच अफूसारखं रसायन, टोचलं, की ते गोड-तुपकट पदार्थ जास्त खातात. उलट, ही रसायनं मेंदूत जिथे चिकटतात ते ग्राहक (रिसेप्टर) रोखणारं नॅलोक्सोन हे औषध दिलं की खाणं घटतं. माणसांना त्याच जातीचं नाल्ट्रेक्सोन दिल्यावर बऱ्याच प्रयोगांत भुकेपेक्षा पदार्थाची गोडीच जास्त उतरली. म्हणजे पोट ‘पुरे’ म्हणत असतानाही खोबरं-गुळाचं सारण मेंदूला बोलावतं.

याचा अर्थ नेवरी म्हणजे अफू, असा मात्र नव्हे. तो दुसऱ्या टोकाचा गैरसमज. शिवाय नुसतं नाल्ट्रेक्सोन वजन घटवायला फारसं उपयोगी पडलं नाही. ब्युप्रोपिऑन या नैराश्यावरच्या औषधाबरोबर ते एकत्र असलेल्या गोळीला वजन घटवण्यासाठी अमेरिकेत २०१४ साली मान्यता मिळाली, तीही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच. भूक, झोप, ताण, सवय आणि समोर उघडा पडलेला डबा, सगळ्यांचाच यात वाटा असतो.