सायप्रसमधले ब्रिटिश तळ भाड्याने घेतलेले नाहीत

बऱ्याच वर्षांपासून फिरणारा एक मेसेज असतो, की सायप्रसने ब्रिटनला लष्करी तळांसाठी जागा भाड्याने दिलीये आणि लीज संपली की तळ रिकामे करावे लागतील. असं वाटणं साहजिक आहे, कारण परक्या देशातले तळ बहुतेक करारावर किंवा भाड्यावरच असतात, क्युबातल्या ग्वांतानामो या अमेरिकी तळाचंच बघा ना, ती लीजच आहे.

पण इथे गोष्ट वेगळी आहे. १९६० साली सायप्रस स्वतंत्र झाला तेव्हा अक्रोतिरी आणि ढेकेलिया हे दोन भाग ब्रिटनने सोडलेच नाहीत, म्हणजे ते सायप्रसला मिळालेच नव्हते, मग भाड्याने देणार कसे? दोन्ही मिळून साधारण २५४ चौरस किमी, बेटाचा जेमतेम ३ टक्के. लीज नाही त्यामुळे संपायची तारीखही नाही. सुरुवातीची पाच वर्षं ब्रिटनने सायप्रसला पैसे दिले खरे, पण ती आर्थिक मदत होती. मला वाटतं 'भाडं' हा समज तिथूनच आला असावा.

ब्रिटनचा हे तळ ठेवण्याचा एवढा हट्ट का, तर नकाशा उघडा. सुएझ कालवा, लेबनॉन, सीरिया सगळं हाकेच्या अंतरावर, सायप्रसमधल्या लार्नाकाहून लेबनॉनची राजधानी बैरूत विमानाने तासाभराच्या आत. धावपट्टी आणि रेडिओ संदेश ऐकायची यंत्रणा ठेवायला अशी जागा परत मिळणार नाही.

खात्री करायची तर १९६०च्या स्थापना कराराचं पहिलंच कलम वाचा, त्यात हे दोन भाग प्रजासत्ताकाच्या हद्दीतून सरळ वगळलेत.